दुसरी प्रत निघणार नाही

लोणंदहून मिरजेची गाडी धरली की ती जिथे पोचवते, त्या मिरजेत 1805 साली भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. मूळ मनसुबा नाना फडणवीसांचा. ते गेल्यावर कोरणारा तांबट मिरजेला आला आणि तिथले संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने काम तडीस गेलं. हवं होतं ते एकच: सारख्या पुष्कळ प्रती. आजचे काही चित्रकार पत्र्यावरून छापतात, पण दुसरी प्रत निघूच नये म्हणून.

हाताने कोरण्याऐवजी पत्रा रसायनाने खाऊ द्यायचा, ते एचिंग; त्याचं रसायन शाळेतलंच. पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचा. तांबं उघडं पडलं तिथेच विरघळतं. मग शाई चोळून वरची पुसली की खाचांतली तेवढी उरते. कागद ओलसर लागतो, कारण पाण्याने त्याचे तंतू मऊ होतात. प्रेसच्या रुळाखाली सगळा दाब एका अरुंद पट्टीवर येतो, वरची लोकरी घडी कागदाला खाचेत दाबते आणि कागद शाई उचलतो. चांगल्या प्रिंटवरची रेघ बोटाला लागते. (प्रदर्शनात मात्र हात लावू नका.)

खाचा असल्या की पत्रा पुन्हा भरता येतो. मोनोटाइपमध्ये त्याच नसतात. गुळगुळीत पत्र्यावर शाईने चित्र काढायचं आणि प्रेसमधून न्यायचं; बहुतेक शाई पहिल्याच कागदावर जाते. दुसऱ्यावर उरतं ते फिकट भूत. सतराव्या शतकात इटलीच्या कास्तिल्योनेने हे केलं, पुढे फ्रेंच चित्रकार देगाने. लोणंदच्या कांदा बाजारात पायाखाली येणारी वाळकी सालही शाई लावून चालेल. दाबाखाली ती चुरगळते, म्हणून पुढचा ठसा वेगळाच.

मला सर्वांत चतुर वाटते ती पॅरिसच्या अटेलिए 17 या छपाईच्या स्टुडिओतली युक्ती. चित्रकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईत शिकलेले कैको मोती तिथे ती घडवणाऱ्यांत होते. शाईत जवसाचं तेल कमीजास्त करायचं. कडक रुळाने पत्र्याच्या उंच भागांवर पातळ, तेलकट शाई द्यायची. मग मऊ रूळ घट्ट शाई घेऊन खोलगट भागांत उतरतो. तेलकट थरावर घट्ट शाई बसत नाही, म्हणून एकाच पत्र्यावर, एकाच दाबात अनेक रंग वेगवेगळे राहतात. तेलाचं प्रमाण जरा हललं की चित्र बदललं.

प्रिंट विकत घ्यायची झाली तर खालचा पेन्सिलीचा आकडा वाचा: 4/25 म्हणजे पंचवीस प्रतींतली चौथी, 1/1 म्हणजे एकुलती एक.