गाळलेली गाणी

रॉक संगीतात ‘आउटटेक’ म्हणतात ते ध्वनिमुद्रित झालेले, परंतु तबकडीत न घेतलेले गाणे. किंवा घेतलेल्याच गाण्याचा बाजूला ठेवलेला एखादा प्रयत्न. गाणे गाळले म्हणजे ते हिणकसच, असे मात्र समजू नये. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटेच मावत. कात्री लावावीच लागे.

पण जागेची सबब नेहमीच पटत नाही. बॉब डिलनने १९८३ साली ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ हे गाणे मुद्रित केले. जॉर्जियातील एका अंध ब्लूज गायकाचे नाव त्याला दिलेले आहे. त्या वर्षीच्या ‘इन्फिडेल्स’मध्ये आठ गाणी आली, हे नाही! १९९१ साली ‘बूटलेग सीरीज’च्या पहिल्या संचात ते प्रसिद्ध झाले आणि आज जाणकार त्याला डिलनच्या उत्तमोत्तम रचनांत बसवतात. पियानो, गिटार आणि आवाज, एवढाच संसार. पूर्ण वाद्यमेळासह केलेला एक प्रयत्न २०२१ साली बाहेर आला. तो मला फिका वाटला.

असे का वाटावे? इथे माझीच एक पंचाईत सांगतो. बीटल्सचे ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ मला प्रथम आवडले ते १९७० च्या ‘लेट इट बी’मधले. फिल स्पेक्टरने त्यावर तंतुवाद्ये आणि स्त्रियांचे समूहस्वर चढवले होते. खुद्द पॉल मॅकार्टनीला तो साज मुळीच रुचला नव्हता; मला मात्र भव्य वाटे. पुढे १९९६ च्या ‘अँथॉलॉजी ३’वर तेच ध्वनिमुद्रण दागिने उतरवलेले ऐकले आणि जुने ऐकवेना. मग माझी आधीची दाद खोटी होती काय?

माझा एक मित्र म्हणतो, “कच्चे तेच सच्चे, हीसुद्धा एक फॅशनच!” त्याचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. १९७६ नंतरच्या पंक संगीताने ओबडधोबडपणाला प्रतिष्ठा दिली. ज्याला पूर्वी निष्काळजीपणा म्हटले असते, त्याला रसिक प्रामाणिकपणा म्हणू लागले. गाळलेल्या गाण्यांचे महागडे संच विकणाऱ्या कंपन्यांनाही हे सोयीचेच पडले, म्हणा.

शिवाय त्या गाण्यात बास वाजवणारा जॉन लेनन ठिकठिकाणी चुकला आहे. स्पेक्टरच्या साजाखाली त्या चुका बऱ्याच झाकल्या गेल्या होत्या. आता त्या उघड ऐकू येतात, आणि मी त्यांची वाट पाहत बसतो.