गाडीतून माळरान बघताना

जनावरं बघायची तर ताडोबालाच जावं लागतं, असं आम्हालाही वाटायचं. पण मंद्रूपहून सोलापूर गाठून बार्शी रस्त्याला लागलं की नान्नजचं माळढोक अभयारण्य येतं. 1979 साली ते जाहीर झालं. "झाडंच नाहीत, कसलं जंगल!" असं पोरं म्हणतील. म्हणू द्या. हे गवताचं रान आहे, पडीक जमीन नव्हे.

घरची माणसं घेऊन पहाटेच निघा. गाडी हळू हाका, हॉर्न नको, आणि कळप दिसला तरी खाली उतरू नका. गाडीला काळवीट फारसं भीत नाही. माणूस उतरला की उधळतं. काळा, पिळाच्या शिंगांचा तो नर. पिवळट तपकिरी, बिनशिंगाची ती मादी. नशीब असेल तर लांडगा, खोकडही दिसतं.

माळढोक दिसेल असं मात्र सांगवत नाही. देशभरात तो जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. एवढा थोरला पक्षी, पण मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकूनही मरतो.

तारांचं आपल्या हाती नाही. शेळ्यांचं आहे. पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत, राखीव गवतात शेळ्या शिरू देऊ नका. खुराखाली अंडं फुटतं. आणि गाडीतून उरलेली भाकरी फेकू नका. तिच्या वासानं मोकाट कुत्री जमतात, मग अंडी-पिल्लं त्यांच्याच तोंडी जातात.