प्रॉपर्टी: गुणधर्म की मालमत्ता?

गावाकडे 'प्रॉपर्टी' म्हटलं की सातबारा आणि भावकीतली भांडणं. शहरात टू बीएचके. आणि लॅबमध्ये हाच शब्द घनता, विद्राव्यता, वितळणबिंदू यांच्यासाठी. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, कारण त्याचं मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थच 'स्वतःचं' असा होतो. मराठीने मात्र वाटणी करून ठेवली आहे: पदार्थाचा तो गुणधर्म, माणसाची ती मालमत्ता. संशोधनात उतरणाऱ्याला ही वाटणी फार कामाची आहे असं माझं मत.

आधी गुणधर्म. तो पदार्थाला कायमचा चिकटलेला असतो असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं हे ढेकळाएवढ्या सोन्याबद्दल खरं. काही नॅनोमीटरचे कण त्याच्या बऱ्याच आधी वितळतात, आणि द्रावणात ते पिवळे नाही तर लाल दिसतात. म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'अमुक पदार्थाचे गुणधर्म अभ्यासणार' एवढंच लिहू नका. कोणता गुणधर्म, कणांचा आकार किती, तापमान-दाब काय, हे आलंच पाहिजे. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक तिथेच येतो.

आता गंमत. नवा गुणधर्म सापडला तर तो आपली मालमत्ता होतो का? म्हणजे पेटंट मिळतं का? भारतात, नुसत्या गुणधर्मावर नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(डी) सांगतं की माहीत असलेल्या पदार्थाचा नवा गुणधर्म केवळ शोधून काढणं हा 'आविष्कार' नव्हे. पदार्थाचं नवं रूप असेल तर त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते.

नोव्हार्टिसचा खटला यासाठी जरूर वाचा. ग्लिवेक हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. कंपनीने इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावर हक्क मागितला होता. भुकटी अधिक सहज वाहते, उष्मागतिकीच्या दृष्टीने जास्त स्थिर असते, ओलावा कमी शोषते, असे मुद्दे होते. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. हे गुण औषध बनवायला आणि साठवायला उपयोगी असतील, पण त्यांनी रोग बरा करण्याची ताकद वाढते असं होत नाही, असा त्यातला रोख. मोजमापं कोणी खोटी ठरवली नाहीत, बरं का! गुणधर्म खरे होते, तरी मालमत्ता झाली नाही.

तुमच्या कामात असं काही हाती लागलं तर आधी आपल्या संस्थेचे बौद्धिक संपदेचे नियम काढून बघा; हक्क बरेचदा संस्थेकडे असतो. आणि अर्ज करायचाच असेल तर पेपर किंवा पोस्टरच्या आधी करा. एकदा छापून आलं की, थोडे अपवाद सोडले तर, नवेपणाचा दावा उरत नाही. गाईडशी हे बोलणं पहिल्याच वर्षी झालेलं बरं.