हेगचा उन्हाळी वर्ग आणि माधवनगरचे घर

माधवनगरहून एका पालकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. स्वतः यंत्रमागावर कामाला, शिक्षण सातवीपर्यंत. मुलगी सांगलीच्या कॉलेजातून वकिलीची परीक्षा पास झाली, तिला सनद मिळाली आणि आता ती जिल्हा कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसते. तिने युरोपातील एका उन्हाळी वर्गाला अर्ज करायचे ठरवले आहे. विषय आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा. पत्रात त्यांनी सरळ विचारले आहे, "हे नक्की काय आहे? पैसे कुठून आणायचे? आणि पंधरा दिवसांत तिथे असे काय शिकवतात, जे इथे शिकता येत नाही? भावकी म्हणते, आधी पोरीच्या लग्नाचे बघा."

लग्नाचे ज्याचे त्याने बघावे. बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र सविस्तर दिली पाहिजेत, कारण आता आपल्या वस्त्यांतून वकील होणारी मुले-मुली पुष्कळ आहेत आणि घरात विचारायला कोणी नसते.

प्रथम हेगविषयी. नेदरलँड्स देशातले हे शहर सांगली-सातारकरांना अगदी अनोळखी नाही. कुलभूषण जाधव यांचा जन्म सांगलीचा आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातले आनेवाडी. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावली, तेव्हा मे 2017 मध्ये भारत सरकार हेगच्या न्यायालयात गेले. हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली. 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला. जाधवांना आपल्या वकिलातीशी भेटू दिले नाही हा करारभंग आहे, शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असे न्यायालयाने सांगितले. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही.

पण हे न्यायालय वेगळे आणि मुलीच्या विषयाचे न्यायालय वेगळे. आपल्याकडे दिवाणी कोर्ट आणि फौजदारी कोर्ट वेगळे असते, साधारण तसेच समजा. जाधवांचे प्रकरण गेले ते देशादेशांतील तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस नसतो, देश विरुद्ध देश असा दावा चालतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही त्याच शहरातली दुसरी संस्था. तिथे माणसावर खटला चालतो, मग तो सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि दुसऱ्या देशावर आक्रमण, एवढ्या चारच गुन्ह्यांसाठी.

या कायद्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. हिटलरच्या साथीदारांवर न्युरेम्बर्ग शहरात नोव्हेंबर 1945 पासून खटला चालला. "मी फक्त वरून आलेला हुकूम पाळला" ही सबब तिथे चालली नाही. जपानी नेत्यांवर टोकियोत खटला चालला आणि त्या न्यायाधीशांत बंगालच्या गरीब घरातून वर आलेले राधाबिनोद पाल हे भारतीय होते. सर्व आरोपी निर्दोष आहेत असे एकट्याचे वेगळे निकालपत्र त्यांनी लिहिले, त्यावर आजही वाद होतात. पुढे युगोस्लाव्हिया आणि रवांडा येथील कत्तलींसाठी 1993 आणि 1994 साली खास न्यायालये नेमली गेली. कायमचे न्यायालय असावे म्हणून 17 जुलै 1998 रोजी रोम येथे करार झाला. 120 देशांनी बाजूने मत दिले, सात विरोधात गेले, एकवीस तटस्थ राहिले. त्या एकवीसांत भारत होता. 1 जुलै 2002 पासून करार अमलात आला. भारताने त्यावर अजूनही सही केलेली नाही.

आमच्या खटल्याला याचा काय उपयोग?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भारत सदस्य नसल्यामुळे आपल्या गावातील अत्याचाराची केस हेगला नेता येत नाही. तसे आश्वासन सभेत कोणी देत असेल तर ते खोटे आहे. रोम कराराच्या सातव्या कलमात वर्णभेदाचा उल्लेख आहे, वंश, धर्म, संस्कृती यांच्या नावाने होणाऱ्या छळाचाही आहे, पण जात हा शब्द तिथे नाही. 2001 साली डरबनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न मांडण्यासाठी आपले कार्यकर्ते गेले होते आणि भारत सरकारने त्याला विरोध केला होता, हे अनेक वाचकांना आठवत असेल. तो लढा वेगळा आहे आणि तो एका उन्हाळी वर्गाने जिंकला जाणार नाही.

मग मुलीने जावे कशाला? आमच्या मते कारण दुसरेच आहे, आणि ते सांगलीच्या कोर्टातच आहे.

अत्याचाराच्या खटल्यात आपली बाजू कुठे कमी पडते ते कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. साक्षीदार फितूर होतो. त्याला आरोपीच्याच गावात राहायचे असते, त्याच्याच रानात मजुरीला जायचे असते. फिर्यादीला तारीख कळत नाही आणि आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी आरोपी गावात परत आल्यावर कळते. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटीचे कलम लावले नाही. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली, आणि ते कलम तेव्हाही लागले नाही. जातीच्या द्वेषातून सामूहिक हिंसा झाली हे कोर्टात कसे सिद्ध करायचे, हा प्रश्न तिथे उघडा पडला.

आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचा अर्धा अभ्यास याच प्रश्नाचा आहे. जमावाने केलेल्या कृत्यात चिथावणी देणारा, हत्यारे पुरवणारा आणि गप्प बसलेला अधिकारी यांची जबाबदारी कशी ठरवायची. एका समाजाला समाज म्हणून लक्ष्य केले हे पुराव्याने कसे दाखवायचे. घाबरलेल्या साक्षीदाराची, अत्याचार झालेल्या बाईची साक्ष कशी नोंदवायची. हेगच्या फौजदारी न्यायालयात साक्षीदार व पीडितांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि पीडितांना आपला वकील उभा करून म्हणणे मांडता येते.

आपल्याकडेही हा हक्क आता कायद्यात आहे, पण तो वापरणारे थोडे. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती होऊन 26 जानेवारी 2016 पासून कलम 15अ आले. कोणत्याही सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा पीडिताला हक्क आहे, जामिनाच्या अर्जाचीसुद्धा. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. ही सूचना देणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हरिराम भांभी प्रकरणात सांगितले. साक्षीदार संरक्षण योजनेलाही याच न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिली. ही कलमे कोर्टात रोज वाजवून घेणारा वकील पाहिजे. परदेशात या गोष्टी प्रत्यक्ष कशा चालतात ते पाहिलेली मुलगी हे काम अधिक धीटपणे करील, असे आम्हाला वाटते.

पत्रातील पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. त्यावर हेगला नोकरी लागत नाही. तिथे सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य असते आणि पदव्युत्तर शिक्षण लागते. पुढे परदेशात एल्‌एल्‌.एम. करायचे असेल तर मात्र हा अनुभव अर्जात वजन टाकतो.

कोणता वर्ग, आणि पैसा

हेगच्या पीस पॅलेस या इमारतीतील आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी 1923 सालापासून उन्हाळी वर्ग घेते, इंग्रजी आणि फ्रेंच भाषेत. तिथे सगळाच आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात, त्यात फौजदारीही येतो, आणि काही शिष्यवृत्त्याही आहेत. फक्त फौजदारी कायदा हवा असेल तर इटलीत सिराकुझा येथील संस्था तरुण वकिलांसाठी सुमारे दहा दिवसांचा वर्ग घेते. आयर्लंडच्या गॉलवे विद्यापीठाचा फौजदारी न्यायालयावरील छोटा वर्ग नावाजलेला आहे. न्युरेम्बर्गलाही, जिथे तो खटला चालला त्या गावीच, अशी अकादमी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाची एक छात्रवृत्ती विकसनशील देशांतील माणसांना हेगला नेते, त्यात प्रवास आणि राहणे दोन्ही मिळते. तिथे सरकारी अधिकारी आणि कायद्याचे प्राध्यापक यांना झुकते माप असते, म्हणून नव्या वकिलाने त्यावर फार भिस्त ठेवू नये. आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या ध्वनिचित्र ग्रंथालयातील याच विषयावरची व्याख्याने मोबाइलवर फुकट ऐकता येतात. अर्ज करण्याआधी त्यातली दहा तरी ऐकावीत. विषय झेपतो का, इंग्रजी कानाला लागते का, ते घरबसल्या कळते.

आता पैसा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. चार आठवड्यांच्या वर्गाला त्या मिळत नाहीत, त्यामुळे समाजकल्याण कार्यालयात हेलपाटे घालू नयेत. खर्च असतो तो फी, विमान, राहणे आणि व्हिसा यांचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फीच नव्वद युरो, म्हणजे आज नऊ हजारांच्या आसपास, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. तीस हजार युरोंचा प्रवासी विमा लागतो, बँकेचे स्टेटमेंट लागते. (आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.)

म्हणून आमचे मत असे. अर्ज जरूर करावा. फी माफीचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच वेळी, त्याच पत्रात करावा, लाजू नये. पण शिष्यवृत्ती मिळाली नाही तर सावकाराकडून किंवा बचत गटातून कर्ज काढून, डाग गहाण टाकून जाऊ नये. जागा मिळाली आणि पैसे नसले तर "पुढील वर्षी येऊ द्याल का?" असे लिहून विचारावे. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती 1917 साली संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट होता. चार वर्षांत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी मागून घेतली आणि मगच ते परतले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि 1920 साली ते पुन्हा गेले. ते कर्ज पुऱ्या पदवीसाठी होते. पंधरा दिवसांच्या वर्गाला तो दाखला लावू नये.

फसवणूकही आहे. "निवड झाली, दोन दिवसांत पैसे भरा" असे पत्र न मागता आले तर ते फाडून टाकावे. खरी संस्था आधी अर्ज तपासते, प्रवेशाचे पत्र देते, आणि फी संस्थेच्या खात्यात घेते, एजंटच्या नव्हे.

अर्ज लिहावा कसा

सर्वात महत्त्वाचे असते ते एक-दीड पानाचे पत्र. मला का यायचे आहे, हे त्यात लिहायचे. आपली मुले इथे दोन चुका करतात. काही जण पुस्तकातली मोठी वाक्ये उतरवतात, मानवता, विश्वशांती वगैरे. काही जण फक्त गरिबीची कहाणी लिहितात. वाचणारे प्राध्यापक अशी शेकडो पत्रे वाचतात. त्यांना जे फक्त तुम्हीच सांगू शकता ते सांगा. माधवनगरच्या मुलीने लिहावे की मी विशेष न्यायालयात इतके महिने बसते, असा एक खटला पाहिला (नावे न देता), त्यात साक्षीदार या कारणाने उलटला, आमच्या कायद्यात 15अ कलम आहे पण ते वापरले गेले नाही, आणि तुमच्या वर्गातील पीडितांच्या सहभागावरील भाग मला त्यासाठी शिकायचा आहे. परत आल्यावर काय करणार तेही एका वाक्यात लिहावे. वडील मागावर काम करतात हे अवश्य लिहावे, पण एका ओळीत, आणि फी माफीच्या परिच्छेदात.

शिफारसपत्रे बहुधा दोन लागतात, एक कॉलेजच्या प्राध्यापकांचे, एक वरिष्ठ वकिलांचे. महिनाभर आधी मागावीत आणि सोबत आपल्या कामाचे अर्धे पान टिपण द्यावे. नाहीतर "विद्यार्थिनी सुशील व आज्ञाधारक आहे" एवढेच पत्र मिळते आणि त्याचा तिथे काडीचा उपयोग होत नाही. गुणपत्रकांची अधिकृत प्रत विद्यापीठातून काढायला वेळ जातो, त्यासाठी कोल्हापूरची एक खेप धरून चालावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मराठीत असतो, त्याचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडावे. जातीचा दाखला तिकडे कोणी मागत नाही.

घोळ होतो तो नावात. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. लग्न झालेल्या मुलींचा गोंधळ त्याहून मोठा. अर्जात, पासपोर्टवर आणि बँकेत नाव अक्षरन् अक्षर एक हवे, नाहीतर व्हिसाच्या वेळी धावपळ होते.

उन्हाळी वर्गांचे अर्ज बहुतेक हिवाळ्यात सुरू होतात आणि शिष्यवृत्तीची मुदत साध्या अर्जाच्या आधी संपू शकते. शेवटची तारीख युरोपच्या घड्याळाने असते. तिकडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झालेला असतो. पासपोर्ट नसेल तर त्याचा फॉर्म निकालाची वाट न पाहता आजच भरावा, कारण पोलीस पडताळणीला माणूस घरी येतो तेव्हा घरात कोणीतरी कागद दाखवायला हजर असावे लागते.