परकी भाषा : प्रगती ओळखावी कशी?

"सर, वर्षभर रोज शब्द पाठ केले, तरी इंग्रजीचे पान उघडले की अडतेच." मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. सुरुवातीची भराभर होणारी प्रगती पुढे थांबल्यासारखी वाटते आणि 'आपल्याला भाषा जमत नाही' असे ठरवून काही जण प्रयत्नच सोडतात. हा निष्कर्ष बरोबर आहे का, ते तपासून पाहू.

1961 साली अमेरिकेत छापलेल्या निरनिराळ्या मजकुरांतून सुमारे 10 लाख शब्दांचा एक संग्रह ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा यांनी तयार केला. पुढे एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एकत्र धरून त्याची मोजणी झाली. सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या 1000 शब्दांनी सुमारे 72 टक्के मजकूर व्यापला होता. 2000 शब्दांनी 80 टक्के, 3000 शब्दांनी 84 टक्के, तर 4000 शब्दांनी 87 टक्के. म्हणजे पहिल्या हजार शब्दांची कमाई 72 टक्के, दुसऱ्या हजारांची 8, तिसऱ्यांची 4 आणि चौथ्यांची अवघी 3! कष्ट तेवढेच, फळ मात्र उत्तरोत्तर कमी. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. भाषेतील शब्दांचा वापरच असा विषम असतो.

दुसरे कारण विस्मरणाचे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो, ते मोजी. 31 दिवसांनंतरही त्याचा सुमारे 21 टक्के वेळ वाचला. 'विसरलो' असे वाटते तेव्हाही शिकलेले सगळे पुसले गेलेले नसते.

मग प्रगती मोजायची कशी? वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. न शिकवलेल्या एखाद्या पुस्तकातून, साधारण सारख्या अवघडपणाचे, प्रत्येकी 100 शब्दांचे तीन उतारे निवडा. जूनमध्ये एक, दिवाळीनंतर दुसरा आणि मार्चमध्ये तिसरा उतारा द्या. विद्यार्थ्याने न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारावी, वाचायला लागलेला वेळ लिहावा आणि आशय मराठीत दोन वाक्यांत मांडावा. उतारा दर वेळी नवा हवा. नाहीतर भाषेऐवजी पाठांतरच मोजले जाईल. वर्गाचे तीन गट करून उतारे वेगवेगळ्या क्रमाने द्यावेत आणि कागद लगेच परत घ्यावेत. म्हणजे एखादा उतारा सोपा निघाला तरी निष्कर्ष बिघडणार नाही. एक-दोन रेघांच्या फरकावरून मात्र काहीच ठरवू नये.

समजा, जूनमध्ये 28 रेघा होत्या आणि मार्चमध्ये 20 आहेत. विद्यार्थ्याला पान अजूनही अवघडच वाटेल, कारण नजर अडते ती न कळलेल्या शब्दांवर. कळलेले शब्द नकळत मागे पडतात. अशा वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवून, कमी झालेल्या त्या आठ रेघा त्याला दाखवाव्यात.