जुनी गाडी, घरची रोजी

पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यात एमएच-०६ क्रमांकाच्या जुन्या गाड्या आजही रोजच्या कामावर दिसतात. टाटाचा ४०७ टेम्पो १९८६ साली आला, सुमो १९९४ साली, बोलेरो आणि क्वालिस २००० साली. क्वालिस २००५ मध्ये बंद झाली, सुमो २०१९ मध्ये. कंपनीने विसरलेल्या या गाड्या आपल्याकडे मात्र अजून भाजी आणतात, मासळी नेतात, धाटावच्या एमआयडीसीत कामगार पोहोचवतात आणि गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन निघतात. ईदला, लग्नाला सगळे घर त्यातच बसते.

रोज ६० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला १८ हजार किलोमीटर होतात. म्हणजे १५ वर्षांत २ लाख ७० हजार. त्यामुळे मीटरवर तीन लाखांचा आकडा दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. डिझेलचे साधे, मजबूत इंजिन नीट सांभाळले तर एवढी मजल मारते. प्रश्न आहे तो ‘नीट सांभाळले तर’ या शब्दांचा.

हप्ता नाही, म्हणून खर्च नाही असे नाही

आपल्या समाजात जुनी गाडी घेण्यामागे एक कारण अनेकदा असते. व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, म्हणून रोख पैशांत बसेल ती गाडी घ्यायची. कुणी आखातात राबून साठवलेले पैसे घालतो, कुणाच्या घरात दागिना मोडला जातो, कुठे दोघे भाऊ मिळून रक्कम उभी करतात. हा निर्णय चांगला आहे. मात्र गाडी आपल्या नावावर झाली की खर्च संपला, असा समज होतो आणि तिथेच घर अडचणीत येते. क्लच बसला, पंप गेला, की एकाच वेळी तीस-चाळीस हजारांची सोय करावी लागते. मग ज्या कर्जापासून पळालो, तेच हातउसने होऊन दारात येते.

यावर उपाय साधा आहे. बँकेला हप्ता द्यायचा नसेल तर तो गाडीला द्या. उदाहरणादाखल, गाडी धावेल त्या प्रत्येक किलोमीटरमागे दोन रुपये वेगळे काढा. महिन्याला १,५०० किलोमीटर झाले तर ३,००० रुपये, वर्षाला ३६,०००. गाडी मोठी असेल, माल जड असेल तर रक्कम वाढवा. हा पैसा घरखर्चाच्या डब्यात मिसळू देऊ नका. टायर, बॅटरी, क्लच हे खर्च अचानक येत नाहीत. ते केव्हा येणार हे आधीच ठाऊक असते, आपण फक्त तयारीत नसतो.

मीटरपेक्षा पाणी आणि मीठ जास्त खाते

देशावरचा मिस्त्री गाडी पाहताना आधी इंजिन ऐकतो. आपल्याकडे आधी गाडीखाली वाकून पाहायला हवे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पेणचा खारेपाट, धरमतरची खाडी, मिठागरे यांमुळे हवेत आणि चिखलात खार असतो. मासळी नेणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी थेट चॅसीवर ठिबकत राहते.

बोलेरो, सुमो, क्वालिस, ४०७ या सगळ्या गाड्या चॅसीवर उभ्या असतात. चॅसीचे लांब दांडे अनेक गाड्यांत आतून पोकळ असतात. पाणी निघून जावे म्हणून त्यांना खाली छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की ओला खारा चिखल आत बसून राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत असताना आत पत्रा पापडासारखा झालेला असू शकतो.

म्हणून ही कामे चुकवू नयेत:

पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि मासळी किंवा मिठाची खेप केल्यावर त्याच दिवशी, गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. चाकांच्या कमानी, पाट्यांच्या बैठका आणि चॅसीची छिद्रे मोकळी करावीत.

पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये गाडी वर उचलून खालून तपासावी. लहान हातोडीने ठोकत जावे. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. गंज खरवडून, प्रायमर लावून मगच गंजरोधक लेप द्यावा. गंजावरच काळा रंग मारणे म्हणजे जखमेवर चादर घालणे.

गाडीखाली जळके ऑइल फासायची पद्धत अजून आहे. ते रबराच्या बुशांना खराब करते आणि ब्रेकवर उडाले तर जिवावर बेतते. त्यापेक्षा योग्य लेपाचे थोडे जास्त पैसे गेलेले बरे.

वेल्डिंग करायचे झाल्यास आधी बॅटरीची वायर काढून ठेवावी.

इंजिन काय सांगते?

डिझेल इंजिनचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. नुसत्या रंगावरून घाबरू नये. बदलायची वेळ कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पाळावी. धूळ, जवळच्या खेपा आणि सतत थांबत-चालत काम असेल तर त्याआधीच बदलावे.

धुराकडे मात्र लक्ष असू द्यावे. काळा धूर म्हणजे बहुधा हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. तशीच गाडी दामटली तर हेड वाकते आणि थोडक्यात होणारे काम मोठ्या खर्चाचे होते.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची सवय सोडावी. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि रेडिएटर तुंबतो. कूलंटमध्ये गंज रोखणारा घटक असतो, शुद्ध केलेल्या पाण्यासोबत तेच वापरावे. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट पावसाळ्यात वरचेवर सैल करून साठलेले पाणी सोडावे. पाणी पंपात गेले तर पंप आणि नोझल दोन्ही बिघडतात. क्वालिससारख्या ज्या गाड्यांच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, त्यांचा बेल्ट तुटायची वाट पाहू नये. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट केव्हा बदलला याचा पुरावा मिळाला नाही, तर तो बदललाच नाही असे समजून आधी बदलावा.

आपले रस्ते आणि गाडीचे सांधे

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ पासून आपण पाहतो आहोत. एवढ्या वर्षांची धूळ आणि खड्डे आपल्या गाड्यांनीच पचवले. खड्ड्यांचा मार इंजिनला कमी आणि सांध्यांना जास्त बसतो. पाटे, शॉकॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ही त्याची ठिकाणे. जिथे निपल आहे तिथे वेळेवर ग्रीस गेले पाहिजे. पावसाळ्यात पाणी जुने ग्रीस धुऊन नेते, म्हणून तेव्हा अंतर कमी ठेवावे.

प्रत्येक किलोमीटर गाडीला काही ना काही खातो, हा हिशेब मोठे वाहतूकदारही करतात. रोहा तालुक्यातल्या कोलाडहून कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून गोव्यातल्या वेर्णे येथे नेते. त्यात डिझेल वाचते, तसे टायर, ब्रेक आणि ड्रायव्हरही वाचतो.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. दोन वर्षांनी ते बदलावे, नाहीतर घाटात तापून पेडल मऊ पडते. ताम्हिणी किंवा सुकेळी खिंड उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या टायरचे रबर तडकते. मागच्या सीटवर कोण बसणार आहे हे आठवले की रिमोल्ड टायरचा मोह आपोआप कमी होतो.

पूर आला तर

अंबा नदीचे पाणी नागोठण्यात आणि कुंडलिकेचे रोह्यात शिरते, हे आपल्याला नवीन नाही. पाण्यात बुडालेली गाडी ओसरल्यावर लगेच स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन एका क्षणात जाते. बॅटरीची वायर काढा, फोटो काढून ठेवा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगमधले ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते सगळे बदलल्याशिवाय गाडी हलवू नये.

आणखी एक नुकसान आपल्या घरांत नेहमी होते. मुलगा आखातात जातो आणि गाडी अंगणात आठ-दहा महिने ताडपत्रीखाली उभी राहते. न चालवलेली गाडी जपली जाते हा गैरसमज आहे. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटतात, उंदीर वायरी कुरतडतात. घरातल्या कुणीतरी पंधरा दिवसांतून एकदा ती वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. जागेवर पाच मिनिटे घुरघुरवून उपयोग होत नाही.

एक वही आणि सगळे कागद

गाडीची एक वही घरात ठेवावी. तारीख, मीटरचा आकडा, कोणते काम झाले, किती पैसे लागले, इतकेच लिहायचे. हे काम चालवणाऱ्यानेच करावे असे नाही. घरची बहीण, मुलगी, सून ते अधिक नीट करते. वर्षाअखेरीस गाडीने किती कमावले आणि किती खाल्ले, हे वाद न घालता कळते.

कागदही याच पिशवीत ठेवावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. वाहतुकीच्या गाडीला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. महाराष्ट्रात खासगी गाडीला १५ वर्षांनंतर आणि वाहतुकीच्या गाडीला ८ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्ली परिसरातल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांच्या बातम्या ऐकून कुणी गाडी मातीमोल भावात मागितली तर फसू नका. ते निर्बंध आपल्या जिल्ह्याला लागू नाहीत.

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी. नोंदणीवर नाव आपलेच राहिले तर उद्याच्या अपघाताच्या भरपाईचा दावा आपल्याच दारात येतो. आणि जी गाडी विकायची तिचा ऐब सांगून विकावी. मीटर मागे फिरवणे, कुजलेल्या चॅसीवर पुट्टी भरणे यात समोरच्याचा पैसा बुडतो, प्रसंगी जीव जातो. खरेदी करताना वहीतल्या नोंदी मागाव्यात. वीस वर्षांची गाडी आणि मीटरवर ऐंशी हजार असेल तर स्टिअरिंग, पेडलचे रबर आणि ड्रायव्हरची सीट किती झिजली आहे ते पाहावे.

केव्हा थांबायचे?

इंजिन थकले तर ते उघडून बांधता येते. गिअरबॉक्स बदलता येतो, क्लच नवा पडतो. चॅसी आतून कुजली असेल, पाट्यांच्या बैठका किंवा स्टिअरिंगच्या बैठकीपाशी पत्रा सुटत असेल, तर मात्र मिस्त्रीला डागडुजीचा आग्रह करू नये. अशी गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यातही मारू नये. ती सरकारमान्य भंगार केंद्रात द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते आणि नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळू शकते. नोंदणीही रीतसर रद्द होते.

चॅसी धड आहे आणि वर्षाचा खर्च वेगळ्या काढलेल्या पैशांत भागतो आहे, तोवर शेजाऱ्याच्या अंगणात नवी गाडी आली म्हणून आपली जुनी काढायचे कारण नाही. पाऊस थांबला की एक सुट्टीचा दिवस ठरवा, चटई आणि बॅटरी घ्या आणि गाडीखाली शिरून पाहा. वहीतली पहिली नोंद त्याच दिवशी होऊ द्या.