मिनिटभरात वळणारी दुर्बीण

अटलांटिक महासागरातील ला पाल्मा या स्पॅनिश बेटावर सुमारे 2,200 मीटर उंचीवर उभ्या असलेल्या ‘मॅजिक’ या जोडदुर्बिणींच्या रचनेमागे जी उद्दिष्टे होती, त्यांत गॅमा किरण स्फोटांचा वेध हे अग्रस्थानी होते. महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना जवळजवळ प्रकाशवेगाने झोत बाहेर पडतात आणि सेकंदाच्या काही अंशापासून काही मिनिटांपर्यंत गॅमा किरणांचा प्रखर मारा होतो. यालाच गॅमा किरण स्फोट म्हणतात.

उपग्रहांना हे स्फोट 1967 पासून दिसत आले असले, तरी त्यांतील सर्वाधिक ऊर्जेचे फोटॉन इतके विरळ असतात, की उपग्रहावरील छोट्या शोधकावर ते क्वचितच आदळतात. असा फोटॉन वातावरणात शिरला की कणांची साखळी निर्माण होते आणि हवेतील प्रकाशापेक्षा वेगाने धावणारे हे कण चेरेन्कोव्ह प्रकाश नावाची निळसर चमक सोडतात. ती जेमतेम काही नॅनोसेकंद टिकते, परंतु जमिनीवर शंभराहून अधिक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरत असल्याने त्या वर्तुळात कोठेही असलेल्या दुर्बिणीला फोटॉनचा माग लागतो.

खरी अडचण वेळेची होती. उपग्रहाचा इशारा येईपर्यंत स्फोट ओसरू लागलेला असतो, म्हणून 17 मीटर व्यासाच्या आरशाचा सांगाडा पोलादाऐवजी कार्बन तंतूंच्या नळ्यांचा करून वजन घटवण्यात आले आणि दुर्बीण सुमारे अर्ध्या मिनिटात आकाशाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू लागली. हलका सांगाडा कलताना किंचित वाकतो. त्यामुळे आरशाच्या तुकड्यांमागे छोट्या मोटारी बसवल्या असून त्या प्रत्येक कलानुसार तुकडे पुन्हा जुळवून घेतात. वेगासाठी ताठपणा सोडायचा आणि सुटलेली अचूकता मोटारींकडून परत मिळवायची, हा या यंत्रातील सर्वांत धाडसी आणि सुंदर विचार आहे.

त्याचे फळ मिळायला सुमारे 15 वर्षे लागली. 14 जानेवारी 2019 रोजी स्विफ्ट उपग्रहाच्या इशाऱ्यावरून मॅजिक दुर्बिणी मिनिटभरात वळल्या आणि चांदणे असताना, क्षितिजाकडे कललेल्या एका स्फोटाकडून एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या फोटॉनच्या शेकडो अब्ज पट ऊर्जेचे किरण टिपले गेले. तो प्रकाश सुमारे साडेचार अब्ज वर्षे प्रवास करून आला होता.

तरीही यंत्राचा वेग निसर्गाच्या दोन मर्यादांपुढे अपुरा पडतो. अतिदूरच्या स्फोटांचे किरण वाटेतच आकाशगंगांच्या एकत्रित प्रकाशाशी आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत विरतात. शिवाय या दुर्बिणींना निरभ्र, पुरेशी अंधारी रात्र लागते. 9 ऑक्टोबर 2022 रोजी आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट नोंदला गेला, तेव्हा महाराष्ट्रात कोजागरी होती आणि त्याच पौर्णिमेच्या उजेडाने चेरेन्कोव्ह दुर्बिणींना सुरुवातीच्या निरीक्षणापासून वंचित ठेवले. चीनमधील ‘लासो’ या वेधशाळेने मात्र जमिनीपर्यंत पोहोचणारे कणच मोजल्याने तिला चंद्राची अडचण आली नाही आणि तिने 64,000 हून अधिक फोटॉन नोंदवले.

ला पाल्मावर दुपार असते तेव्हा लडाखमध्ये रात्र असते. म्हणूनच मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हानले येथे सुमारे 4,270 मीटर उंचीवर उभारलेल्या 21 मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीचे स्थान मोलाचे ठरते. स्फोट वेळ निवडून होत नसल्याने एकाच यंत्राला अधिक वेगवान करण्याइतकेच, पृथ्वीच्या प्रत्येक बाजूला सज्ज यंत्र असणे आवश्यक आहे.